गिटारचे डोके: व्हिएन्ना ते फुलर्टन, एका आकाराचा इतिहास

१/ गिटार कोणत्या कारखान्याची, हे दुरून ओळखायचे असेल तर जाणकार प्रथम मानेच्या टोकाकडे पाहतो. खुंट्या धारण करणारी ती फळी म्हणजे हेडस्टॉक. ती उत्पादकाची सहीच मानली जाते. परंतु तार सुरात राहील का, हात सहज पोहोचेल का आणि वाद्य पडल्यास वाचेल का, हे प्रश्नही बऱ्याच अंशी तिथेच सुटतात किंवा अडतात.

२/ या कथेचा एक आरंभ व्हिएन्नात आहे. योहान गेओर्ग श्टाउफर (१७७८–१८५३) हे तेथील नामवंत वाद्यकार. त्यांच्या अनेक गिटारींवर सहाही खुंट्या एकाच बाजूला, एका रांगेत असत आणि फळीच्या टोकाला डौलदार वळण असे. तार जुळवताना हात एकाच बाजूने फिरे.

३/ हा आकार अमेरिकेत पोहोचला तो ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्याबरोबर. त्यांच्या गावी, सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्शेनमध्ये, व्हायोलिनकारांचा संघ आणि सुतार यांच्यात गिटार बनवण्याच्या हक्कावरून दीर्घ वाद चालला होता. मार्टिन सुतारांच्या बाजूचे. १८३३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क गाठले. त्यांच्या आरंभीच्या गिटारींवर श्टाउफर पद्धतीचेच डोके दिसते.

४/ पुढे मार्टिन यांनी ते सोडले आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्यांची समतोल रचना स्वीकारली. अमेरिकेत तीच रूढ झाली. १९०२ मध्ये कॅलमझू येथे स्थापन झालेल्या गिब्सन कंपनीने तिला उघड्या पुस्तकासारखा वरचा काठ दिला आणि तो काठ कंपनीची ओळख बनला.

५/ गिब्सनचे डोके मानेच्या रेषेत नसते, ते मागे कललेले असते. १९५२ च्या लेस पॉलमध्ये हा कोन सुमारे १७ अंशांचा होता. या कलामुळे सहाही तारा नटवर, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीवर, घट्ट दाबून बसतात. दाब देण्यासाठी वेगळी सोय लागत नाही.

६/ या सोयीची किंमत लाकडाने मोजली. महोगनीच्या एकसंध ठोकळ्यातून मान कोरली की कललेल्या भागात लाकडाचे रेषे आडवे तुटतात. मान सरळ ठेवणाऱ्या लोखंडी सळईच्या चावीसाठी नेमके तिथेच पोकळ करावे लागते. म्हणून गिटार पाठीवर पडली की तडा बहुधा नटमागेच जातो.

७/ कंपनीलाही ही दुर्बलता जाणवली असावी. १९६० च्या दशकाच्या मध्यास कोन १४ अंशांवर आला आणि दशकाच्या अखेरीस मानेमागे बळकटीसाठी उंचवटा ठेवला जाऊ लागला. पुढे उंचवटा गेला आणि १७ अंश परतले. सुरक्षिततेपेक्षा जुन्या रूपाची ओढ बाजारात बलवत्तर ठरली.

८/ दुसरा दोष सुराचा. तीन-तीनच्या रचनेत मधल्या दोन तारा नट ओलांडताच बाहेरच्या अंगाला सर्वांत जास्त वळतात. खाचेत घर्षण वाढते, तार अडकते आणि ओढून सोडल्यावर मूळ सुरावर परतत नाही. तिसऱ्या तारेविषयीची वादकांची जुनी तक्रार येथून उगवते.

९/ कॅलिफोर्नियात वेगळा विचार झाला. १९४८ मध्ये पॉल बिग्सबी यांनी गायक-वादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्यासाठी एक विद्युत गिटार घडवली. सहाही खुंट्या पुन्हा एका रांगेत आल्या. १९५० मध्ये फुलर्टनच्या लिओ फेंडर यांची गिटार बाजारात आली. तिचीही मांडणी तीच.

१०/ फेंडर यांनी मेपलच्या सपाट फळीतून मान कापली. डोके कललेले नाही, केवळ थोडे खाली उतरवलेले. लाकूड कमी वाया गेले, रेषे अखंड राहिले, तारा सरळ रेषेत खुंट्यांपर्यंत गेल्या. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर सूर हलवणारा दांडा आला, तेव्हा या सरळ मार्गाचे मोल विशेष कळले.

११/ दोष येथेही आहेतच. कल नसल्याने लांबच्या खुंट्यांकडे जाणाऱ्या बारीक तारांचा नटवरचा दाब कमी पडतो. त्यांना खाली दाबून ठेवण्यास छोटी धातूची आकडी लागते आणि तिथे पुन्हा घर्षण होते. एक अडचण सोडवताना दुसरी पदरी पडली.

१२/ मग ही रचना कोणाची? ट्रॅव्हिस यांच्या मते फेंडर यांनी बिग्सबींची गिटार पाहून ती उचलली. फेंडर यांनी क्रोएशियन लोकवाद्यांकडे बोट दाखवले. श्टाउफर तर या दोघांच्याही शतकभर आधीचे. ‘पहिला कोण’ हा प्रश्न येथे फारसा उपयोगी नाही. जुनी कल्पना नव्या गरजेतून पुन्हा उभी राहिली, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

१३/ आकाराची मालकी मात्र न्यायालयात गेली. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकी शाखेवर, एल्गरवर, फिलाडेल्फियात दावा लावला. मुद्दा होता डोक्याच्या आकाराचा. आयबानेझने तो आकार तोवर बदललाही होता. प्रकरण तडजोडीने मिटले. तरीही त्या दशकातील वाटेल त्या जपानी नकलेला संग्राहक आजही ‘लॉसूट गिटार’ म्हणतात.

१४/ १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांनी डोकेच काढून टाकले. खुंट्या दुसऱ्या टोकाला गेल्या, मानेकडचा भार हलका झाला आणि तुटण्यासारखे तिथे काही उरले नाही. तांत्रिक युक्तिवाद त्यांच्या बाजूने भक्कम होता. तरीही आज बहुतेक गिटारींना डोके आहेच. वाद्य केवळ हातांनी आणि कानांनी निवडले जात नाही, डोळ्यांचेही त्यात मत असते. आणि ते मत, लेस पॉलच्या मानेवरील तडे साक्ष देतात त्याप्रमाणे, अनेकदा निर्णायक ठरले आहे.