कॅला लिलीचे माहेर

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती आणि विणकामाचे नमुने नेहमीच येतात. यंदा मी कॅला लिलीचा इतिहास लिहीत आहे. शिक्षण माझे सातवीपर्यंतचेच. पण कुंडीत जे लावते त्याचे माहेर कोठले, हे विचारण्याची मला खोड आहे. सुनेचे माहेर कळले म्हणजे तिला काय रुचते ते कळते, तसेच झाडाचे.

ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची. केप प्रांतात ओढ्याकाठी, दलदलीत ती आपली आपण वाढते. तिचे कंद डुकरे आणि साळिंदरे उकरून खातात, म्हणून तेथील डच वस्तीतले लोक तिला ‘डुकराची लिली’ म्हणत. तीच १६६४ पर्यंत पॅरिसच्या राजबागेत जाऊन बसली! १७५३ साली लिनियसने तिला ‘कॅला’ म्हटले. १८२६ साली स्प्रेंगेल ह्या जर्मन पंडिताने ती कॅला नव्हे असे ठरवून ‘झँटेडेशिया’ हे नाव दिले. ती लिलीही नाही. ती आहे आपल्या अळूच्या कुळातली. आपण जिला पांढरी पाकळी म्हणतो ते खरे म्हणजे एक पान; खरी फुले आतल्या पिवळ्या दांडीवर, अगदी बारीक. अळूचा खाजरेपणाही तिच्या अंगी आहे, पण चिंच घालून हिची भाजी करता येत नाही. ती विषारीच समजावी आणि कुंडी लहान मुलांपासून, मांजरापासून दूर ठेवावी.

मला मुख्य हकीकत सांगायची आहे ती आयर्लंडची. १९१६ साली ईस्टरच्या सणात डब्लिन शहरात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. तो आठवड्याभरात मोडला आणि पुढाऱ्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. पुढे १९२२ साली स्वतःचे राज्य आले, पण लगेच यादवी पेटली. इतिहासात लढणाऱ्यांची नावे येतात. त्यांच्या मागे घरची चूल कशी पेटली, हे फारसे कोणी लिहीत नाही. ‘कुमन ना मान’ ही तेथल्या बायकांची संघटना १९१४ सालची. तिने १९२६ साली हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ईस्टरला छातीवर लावायचा एक बिल्ला काढला आणि विक्रीचे पैसे राजबंद्यांच्या कुटुंबांसाठी लावले. बिल्ल्यावर चित्र होते कॅला लिलीचे. ईस्टरला तेथील चर्चमध्ये हीच फुले मांडतात, आणि त्यांच्या झेंड्याचे हिरवा, पांढरा, नारिंगी हे तिन्ही रंग त्या चित्रात आयते बसले. आजही ईस्टरला तो बिल्ला तेथे लावतात. (पुढच्याच वर्षी, १९२७ साली, पुण्यास अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्यासाठी झटलेल्या मार्गारेट कझिन्सबाईही आयरिशच होत्या.)

आता लागवडीचे. माहेर पाणथळ, म्हणून पांढऱ्या कॅलाला पाणी सढळ हाताने द्यावे. केपच्या त्या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो व तेव्हाच ती जोम धरते. मी कंद थंडीच्या तोंडाशी लावते. कुंडी रुंद, माती शेणखताची, कंदावर चार बोटे माती. सकाळचे ऊन, दुपारची सावली. उन्हाळ्यात पाने पिवळी पडली तर झाड मेले समजून फेकू नये. कंद झोपी गेलेला असतो.

गुलाबी, पिवळ्या कॅलांचे गाव मात्र निराळे. त्या आफ्रिकेच्या पूर्व अंगाच्या, उन्हाळी पावसाच्या गवताळ मुलखातल्या. त्यांना साचलेले पाणी मुळीच खपत नाही, कंद कुजतो. हिवाळ्यात त्या झोपतात. विकणारे दोन्ही एकाच नावाने विकतात, तेव्हा रंग विचारूनच घ्यावे. आणि पांढरीचे कंद वाढले तर शेजारणीला द्यावेत, ओढ्यात टाकू नयेत. पश्चिम ऑस्ट्रेलियात ती अशीच ओढ्याकाठी माजली आणि आता तेथे तण म्हणून तिला उपटून काढतात.