सँडहर्स्ट हे आडनाव नव्हतंच! मग स्टेशनला हे नाव कुठून आलं?

मध्य रेल्वेवर मस्जिद आणि भायखळ्याच्या मधलं स्टेशन म्हणजे सँडहर्स्ट रोड. सँडहर्स्ट हे कुणा साहेबाचं आडनाव असणार, असाच बहुतेकांचा समज असतो. साहेब खरा, आडनाव मात्र वेगळं.

1895 ते 1900 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते विल्यम मॅन्सफील्ड. त्यांच्या वडिलांचं नावही विल्यमच. ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते. 1871 मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि ‘बॅरन सँडहर्स्ट’ हा किताब घराण्यात आला. मुलगा मुंबईत आला तो लॉर्ड सँडहर्स्ट म्हणून.

सँडहर्स्ट हे इंग्लंडमधल्या बर्कशायर परगण्यातलं गाव. ब्रिटिश लष्कराची प्रसिद्ध अकादमी तिथलीच. जुन्या इंग्रजीत ‘हर्स्ट’ म्हणजे झाडीची टेकडी, म्हणून सँडहर्स्ट म्हणजे रेताड जमिनीवरची झाडी. चिंचपोकळीत चिंच, तशी इथे वाळू!

गंमत म्हणजे मॅन्सफील्ड हे खरं आडनावही गावावरूनच पडलेलं. नॉटिंगहॅमशायरमध्ये मॉन नदीकाठी हे गाव आहे आणि नावातलं ‘फील्ड’ म्हणजे मोकळं रान. आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडला की सातारकर, गिरगावकर तयार होतात. इंग्रजांत आधी ‘अमुक गावचा’ असं म्हणत. पुढे ‘चा’ गळाला आणि नुसतं गावच आडनाव बनलं.

या गव्हर्नरांचा काळ मुंबईकरांसाठी वाईट होता. 1896 मध्ये मांडवीत प्लेग सापडला आणि माणसं शहर सोडून पळू लागली. पुण्यात प्लेगच्या झडत्यांनी लोक संतापले. 1897 मध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मुंबईत दाट वस्तीत हवा-उजेड यावा म्हणून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. गिरगाव चौपाटीकडून डोंगरीकडे जाणारा रुंद रस्ता ट्रस्टने काढला, समुद्राचा वारा आत यावा म्हणून. त्यालाच सँडहर्स्ट रोड म्हणू लागले.

तो रस्ता आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे. जुनं नाव उरलं ते स्टेशनच्या पाटीवर. 2024 मध्ये राज्याने या स्टेशनला ‘डोंगरी’ नाव देण्याचा ठराव केला.