शिकारी क्रॉसबोची डागडुजी : युरोपीय मृगयेच्या इतिहासातील एक उपेक्षित अंग

मध्ययुगीन युरोपच्या शस्त्रेतिहासात क्रॉसबोची चर्चा प्रामुख्याने युद्धाच्या संदर्भात झाली आहे. ११३९ मधील दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध त्याचा वापर निषिद्ध ठरवला, हा उल्लेख बहुतेक ग्रंथांत आढळतो. तथापि, रणांगणावर बंदुकीने त्याची जागा घेतल्यानंतरही शिकारीत हे शस्त्र दीर्घकाळ टिकून राहिले. आवाज न करता होणारा अचूक मारा हे त्याचे एक कारण. झिजणारा प्रत्येक भाग वेगळा काढून बदलता येईल अशी त्याची रचना, हे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे कारण होय.

लाकडी दांड्याच्या टोकाला आडवे बसवलेले धनुष्य, जवसाच्या किंवा भांगेच्या वाखाची जाड प्रत्यंचा, ती ताणून धरणारी हरणाच्या शिंगाची फिरती चकती आणि तिला रोखणारा खटका, अशी या शस्त्राची सर्वसाधारण घडण असे. प्रत्येक वेळी ताणताना आणि सोडताना प्रत्यंचेचा मध्यभाग घासला जाई. म्हणून त्यावर दोऱ्याचे स्वतंत्र वेष्टन असे. ते विरले की उलगडून नवे गुंडाळायचे व प्रत्यंचेला मेण लावायचे, हे नित्याचे काम होते. या क्षुल्लक कामाकडे दुर्लक्ष झाले, तर पूर्ण ताणलेली प्रत्यंचा तुटे, धनुष्याला झटका बसे आणि पोलादी पाते तडकून नेमबाजच जखमी होण्याचा धोका उद्भवे. स्वस्त भाग आधी झिजावा आणि महाग भाग वाचावा, हे तत्त्व येथे स्पष्ट दिसते.

शिंगाची चकती अनेक नमुन्यांत तिच्या मधल्या छिद्रातून ओवलेल्या दोऱ्याने दांड्याला बांधलेली असे. तिची कड झिजली की दोरा कापून दुसरी चकती बसवता येई. धनुष्य दांड्याला दोरखंडाने आवळून बांधलेले असल्यास ते सैल पडताच पाचर ठोकून किंवा फेरबांधणी करून घट्ट केले जाई.

किरकोळ बिघाड कोणता आणि गंभीर कोणता, हे मात्र दिसण्यावरून ठरत नसे. शिंग, स्नायू व सरस यांच्या थरांनी घडवलेल्या धनुष्यावर भूर्जसालीचे किंवा चर्मपत्राचे आवरण असे. त्याला पडलेली बारीक चीर नजरेला नगण्य वाटे. परंतु तिच्यातून ओल शिरली की सरस मऊ पडून थर सुटू लागत. पोलादाचा दोष याच्या उलट, थंडीत ठिसूळ होण्याचा. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन (१४५९–१५१९) याच्या शिकारविषयक टिपणांत हिवाळ्यासाठी शिंगाचे धनुष्य वापरावे असा सल्ला आढळतो, तो या अनुभवातून आलेला आहे.

गास्तों फेबुस याने १३८७ मध्ये लिहावयास घेतलेल्या मृगयाग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितांत कुत्र्यांची शुश्रूषा आणि जाळी विणणे यांनाही चित्रे मिळाली आहेत. निगा राखणे हा मृगयाविद्येचाच भाग मानला जात होता, याचे ते द्योतक आहे. पुढील इतिहासलेखनात मात्र शिकारी राजांची नावे उरली आणि वेष्टन गुंडाळणारे हात विस्मृतीत गेले.

१९०३ मध्ये राल्फ पेन-गॉलवे यांनी क्रॉसबोवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जुने शस्त्र पुन्हा वापरण्याजोगे करून त्यांनी मेनाई सामुद्रधुनीपलीकडे, ४४० यार्डांहून अधिक अंतरावर, बाण टाकले. केवळ निरीक्षणातून न उमगणारी कार्यपद्धती अशा प्रयोगातून कळते. पण त्याची किंमतही असते. जुनी प्रत्यंचा काढली की तिच्यावरील गाठी, मेण आणि फेरवेष्टनाच्या खुणाही जातात. आणि त्या अनाम दुरुस्तीकाराचा तेवढाच लेखी नसलेला पुरावा शिल्लक असतो. म्हणूनच संग्रहालयातील शस्त्र पूर्ववत करणे आणि त्याचा इतिहास जपणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान अभ्यासकाने ठेवणे अगत्याचे ठरते.