नाक्याला वळसा

२०१७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मुलांना हाफ-टर्मची सुट्टी होती, म्हणून आम्ही सहकुटुंब विमानाने म्युनिकला उतरलो आणि भाड्याची गाडी घेऊन ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात बर्फ पाहायला निघालो. ऑस्ट्रियाच्या मोटरवेवर गाडी घालायची तर काचेवर टोलचा स्टिकर लावावा लागे. दहा दिवसांच्या स्टिकरची किंमत ९ युरोंच्या आतबाहेर. आम्हाला सरहद्दीपलीकडे थोडेच अंतर जायचे होते, तेव्हा मी नॅव्हिगेशनला 'टोल टाळा' अशी आज्ञा केली. यंत्राने आम्हाला सरहद्दीच्या अलीकडे मोटरवेवरून उतरवले आणि कीफर्सफेल्डन व कुफस्टाइन या गावांच्या रस्त्याला लावले. तिथे आमच्यासारखे शहाणे आधीच शेकड्यांनी जमले होते! रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. एका बेकरीसमोर एक आजीबाई हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडण्यासाठी ताटकळत उभ्या होत्या. कोणी फट सोडेना. आमचे ९ युरो वाचले खरे. पण त्या आजीबाईंचा खोळंबा कोणाच्या खाती लिहायचा?

इंग्लंडात परतल्यावर हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी व्यवसायाने संगणकवाला, इतिहासकार नव्हे. पण या देशाच्या रस्त्यांचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हा हिशेब इथे साडेतीनशे वर्षांपूर्वीच चुकायला लागला होता.

१५५५ च्या कायद्याने आपल्या हद्दीतले रस्ते दुरुस्त करण्याचे काम प्रत्येक पॅरिशच्या गळ्यात टाकले. गावकऱ्यांनी वर्षातून काही दिवस फुकट राबायचे, आणि त्या रस्त्यांवरून जायचे मात्र दूरच्या व्यापाऱ्यांच्या जड गाड्यांनी! यावर तोड म्हणून १६६३ मध्ये ग्रेट नॉर्थ रोडवर वेड्समिल, कॅक्स्टन आणि स्टिल्टन येथे टोल नाके बसवण्याचा कायदा झाला. जो रस्ता वापरतो त्याने पैसे द्यावेत, हे तत्त्व कोणालाही पटेल असेच होते. पण स्टिल्टनचा नाका लोकांच्या विरोधामुळे उभाच राहिला नाही आणि कॅक्स्टनच्या नाक्याला वळसा घालणे इतके सोपे होते की तिथे वसुली होईना. म्हणजे टोल आणि टोल चुकवणारी आडवाट, दोन्ही जुळी भावंडेच म्हणायची.

पुढे टर्नपाइक ट्रस्टांचे पेव फुटले. १८३० च्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये असे १,००० हून अधिक ट्रस्ट होते आणि त्यांच्या ताब्यात २०,००० मैलांहून अधिक रस्ते होते. त्यांनी रस्ते सुधारले, घोडागाड्यांचा वेग वाढवला, हे नाकारता येणार नाही. पण बाजूच्या गाडीवाटा मात्र पॅरिशच्याच खर्चाने चालत. टोल चुकवणाऱ्या गाड्या त्या वाटांवर वळल्या, की पैसे वाचत गाडीवाल्याचे, खड्डे पडत गावाच्या वाटेला आणि भुर्दंड बसे गावकऱ्यांना.

हे दुखणे विकोपाला गेले ते नैऋत्य वेल्समध्ये. तिथली जमीन आम्लयुक्त. चुना घातल्याशिवाय पीक धड येत नाही. शेतकरी मैलोन् मैल गाडी हाकून भट्टीवरून चुना आणत. वाटेत निरनिराळ्या ट्रस्टांचे नाके, आणि प्रत्येकाचा टोल वेगळा. कधी कधी भट्टीवरच्या चुन्याच्या किमतीपेक्षा वाटेतला टोलच जास्त होई. मग शेतकरी आडवाटेने जाऊ लागले. ट्रस्टांनी नाके मक्त्याने दिलेले होते. टॉमस बुलिन नावाच्या मक्तेदाराने त्यावर उपाय काढला: आडवाटांच्या तोंडाशीही अडसर टाकायचे! कागदावर ही युक्ती बिनचूक होती. गळती होती, ती बुजवली. पण ज्या वाटा गावाने स्वतःच्या खर्चाने राखल्या, त्यांवर जाण्यासाठीही आता गावानेच पैसे मोजायचे होते.

१३ मे १८३९ च्या रात्री एफायल्वेनचा नाका जमावाने फोडला. पुरुषांनी बायकांचे कपडे घातले होते, तोंडाला काळे फासले होते आणि म्होरक्याला सारे 'रिबेका' म्हणत होते. बायबलातल्या रिबेकाला मिळालेल्या आशीर्वादात तिचे वंशज शत्रूंची वेस ताब्यात घेतील असे म्हटले आहे, त्यावरून हे नाव. १८४२-४३ मध्ये हे लोण पसरले, शेकडो नाके जमीनदोस्त झाले, घोडदळ आले. यात केवळ वीरश्री नव्हती. सप्टेंबर १८४३ मध्ये हेंडीच्या नाक्यावर सारा विल्यम्स ही वृद्ध नाकेदारीण गोळी लागून मेली. ज्युरीने तिच्या मृत्यूचे कारण अज्ञात असल्याचा निवाडा दिला. त्याच सुमारास पोंटारडुलाइसच्या हल्ल्यात पकडलेल्या जॉन ह्यूज या तरुणाला वीस वर्षांसाठी टास्मानियाला, म्हणजे काळ्या पाण्यावर, धाडले गेले. मक्ता ना त्या बाईचा होता, ना त्या तरुणाचा.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८४४ मध्ये कायदा केला. दक्षिण वेल्समधल्या ट्रस्टांच्या जागी जिल्हावार रस्ते मंडळे आली, चुन्यावरचा टोल निम्मा झाला आणि दोन नाक्यांमध्ये किमान सात मैलांचे अंतर ठरले. थोडक्यात, सुटे सुटे हिशेब मोडून जिल्ह्याची एक वही झाली. इतर ठिकाणचे ट्रस्टही पुढे हळूहळू गुंडाळले गेले. शेवटचा संपला १८९५ मध्ये, अँगल्सी बेटावर.

हा धडा युरोपला पुन्हा शिकावा लागला. जर्मनीने १ जानेवारी २००५ पासून मोटरवेवरच्या अवजड ट्रकांना उपग्रहाच्या मदतीने टोल लावला. यंत्रणा अत्याधुनिक, पण ट्रकवाल्याचे गणित वेल्समधल्या शेतकऱ्याचेच! काही ट्रक गावांमधून जाणाऱ्या हमरस्त्यांवर वळले. २००७ पासून अशा काही मोजक्या रस्त्यांवर टोल आला, आणि १ जुलै २०१८ पासून सर्वच राष्ट्रीय हमरस्त्यांवर. टोल लागू असलेले जाळे सुमारे १५,००० वरून ५२,००० किलोमीटरवर गेले.

आणि कुफस्टाइन? ऑस्ट्रियात स्टिकर आला १९९७ मध्ये, पण सरहद्दीजवळच्या त्या छोट्या पट्ट्यात तपासणीकडे काणाडोळा होत असे. डिसेंबर २०१३ पासून काटेकोर तपासणी सुरू झाली आणि स्कीइंगच्या मोसमात गावाचा श्वास कोंडू लागला. २०१९ च्या उन्हाळ्यात टिरोलने मोटरवेवरून उतरून आडवाटेने जाण्यावर सुट्टीच्या दिवसांत बंदी घातली. अखेर १५ डिसेंबर २०१९ पासून तो पट्टाच टोलमुक्त झाला. नियम मोडला असे काहींना वाटले. मला वाटते, हिशेबात राहून गेलेली एक रक्कम धरली गेली.

आमच्या धंद्यात सर्वांत स्वस्त मार्ग शोधणारी सूत्रे अनेक आहेत, पण ती आपण दिलेल्या आकड्यांवरच चालतात. बेकरीसमोरच्या आजीबाईंचा आकडा मी यंत्राला दिलाच नव्हता. तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत 'टोल टाळा' असे सांगण्यापूर्वी त्या आडवाटेवरच्या गावाचे नाव तेवढे वाचा. मी आता वाचतो, आणि बहुतेक वेळा टोल भरतो.