माळरान वाचवण्याचे कमी खर्चाचे मार्ग

पुणे, सोलापूर, अहिल्यानगरकडचे माळरान सरकारी कागदात बहुतेक वेळा ‘पडीक’ असते आणि जाहिरातीत ‘एनए प्लॉट’. खरं तर ते पडीक नाही. तिथे लांडगा, चिंकारा, खोकड, धाविक पक्षी राहतात, धनगरांची मेंढरे चरतात. बकरी ईदला आपण घेतो त्यातले कितीतरी बोकड अशाच माळावर वाढलेले असतात. घरे आली की तारेचे कुंपण येते, मागोमाग मोकाट कुत्री, आणि कुत्र्यांचे रोग लांडग्यांत शिरतात.

सगळी जमीन विकत घेऊन राखणे कुणालाच परवडणार नाही. नुसता अभयारण्याचा शिक्का मारूनही भागत नाही. १९७९ मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोकासाठी ८,४९६ चौ. किमी.चे अभयारण्य झाले. त्यात गावे, शेते सगळेच आले. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. शेवटी क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी.वर आणावे लागले.

आमच्या मते सुरुवात गायरानापासून करावी, कारण ती जमीन आधीच चराईसाठी राखलेली असते. खर्च फक्त मोजणीचा आणि हद्दीच्या दगडांचा. ग्रामसभेच्या ठरावाला तर पैसेच लागत नाहीत. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावले आहे. माळ वनखात्याचा असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क मागता येतो. झाडे लावणे मात्र इथे उपाय नव्हे. पैसे घालून खड्डे खणायचे आणि गवत घालवायचे! (शाळेच्या वृक्षारोपणात हे बोललो की लोक आमच्याकडे बघतच राहतात.)

खासगी माळाचे जास्त अवघड. मालक विकतो, कारण गवतातून हाती काही पडत नाही. गवत राखून कापून विकले, मेंढपाळाला चराईने दिले, तर थोडेफार सुटते. अमेरिकेत जमीन न घेता फक्त घरे बांधण्याचा हक्क विकत घेतात. जमीन, गुरे मालकाचीच राहतात आणि खर्च बराच कमी येतो. कॅलिफोर्नियात १९६५ च्या कायद्याने दहा वर्षे जमीन शेती-चराईसाठीच ठेवण्याचा करार केला की कर कमी लागतो. आपल्याकडेही असे काही व्हायला हवे.

आणि स्वस्तात प्लॉट मिळतोय म्हणून बयाणा देण्याआधी सातबारा बघा. त्यावर ‘सरकार’ किंवा ‘गायरान’ दिसले तर मागे फिरा. नोटरीच्या कागदाने ती जमीन आपली होत नाही.