विद्युत्‌निर्मित तालनादाचा इतिहास : अनुकरणाकडून स्वायत्ततेकडे

सारांश

तालवाद्यांचे नाद विद्युत्‌मंडलांच्या साहाय्याने निर्माण करण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकापासून होत आले आहेत. या प्रयत्नांकडे बहुधा 'खऱ्या वाद्याचे अनुकरण कितपत साधले' या एकाच निकषावर पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात हा निकष अपुरा असल्याचे प्रतिपादन केले आहे. मॉड्यूलर सिंथेसायझरने आघातजन्य नादाचे घटक वेगळे करून ते वादकाच्या हाती दिले. हे घटक ज्या यंत्रांत वादकाच्या ताब्यात राहिले, ती यंत्रे स्वतंत्र वाद्ये ठरली आणि ज्यांत ते बंदिस्त झाले, ती बदली वादकाच्या भूमिकेतच राहिली, असे या इतिहासातून दिसते. मात्र वाद्याची कलात्मक स्वायत्तता आणि वादकाची उपजीविका हे दोन प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत, याकडेही निबंधात लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : तालवाद्य, मॉड्यूलर सिंथेसायझर, ड्रम मशीन, टीआर-८०८, युरोरॅक, चरणजितसिंग

१. प्रस्तावना

भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्रा'त वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. तार, ताणलेले चर्म, घन पदार्थ आणि हवेचा स्तंभ यांपैकी काय कंप पावते, यावर हे वर्गीकरण आधारलेले आहे. विसाव्या शतकात ज्या वाद्यांचा उदय झाला, त्यांत वाद्याच्या अंगी असे कंप पावणारे काहीच नाही. कंप पावतो तो केवळ विद्युत्‌दाब आणि ध्वनिवर्धकाच्या पडद्यापर्यंत पोचल्यावरच त्याचा नाद होतो. अशा वाद्यातून ढोलाचा किंवा झांजेचा आघात निर्माण करावयाचा, तर आघात म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते. विद्युत्‌निर्मित तालनादाचा इतिहास हा वस्तुतः या प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे.

२. आघाताचे पृथक्करण

भारतीय संगीतशास्त्रात नादाची उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती ही तीन अंगे मानली जातात. आघातजन्य नादाचे वैशिष्ट्य असे की, ही तिन्ही अंगे अल्पकाळात आणि एकाच वेळी बदलतात. काठी पडताच क्षणभर कर्कश खळबळ उठते, ती विरताच मूळ नाद उरतो, त्याची उंची किंचित उतरते आणि तोही क्षीण होत जातो.

सर्वत्र सारख्या जाडीच्या, वर्तुळाकार, ताणलेल्या चर्माची निरनिराळी कंपने १ : १.५९ : २.१४ : २.३० अशा गुणोत्तरांत असतात. ती पूर्णांकी नसल्यामुळे साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबला व मृदंग यांच्या पुडीवरील शाईच्या भारामुळे ही गुणोत्तरे पूर्णांकांजवळ येतात आणि वाद्य सुरात बोलते. हा सिद्धान्त सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह आणि पुढे १९३४ साली विस्ताराने मांडला. शतकानुशतके कारागिरांनी हाताने साधलेली गोष्ट अशा प्रकारे भौतिकशास्त्राच्या भाषेत आली.

विद्युत्‌मंडलांच्या भाषेत हेच पृथक्करण चार घटकांत होते. ठरावीक वारंवारतेची लहर देणारा ऑसिलेटर, सर्व वारंवारतांची सरमिसळ असलेला नॉइज, त्यांतील काही भाग गाळणारा फिल्टर आणि काळानुसार चढउतार ठरवणारा एन्व्हेलप हे ते चार घटक होत. अवनद्ध वाद्याच्या नादासाठी ऑसिलेटरची लहर झपाट्याने क्षीण केली जाते व सोबत तिची उंचीही उतरवली जाते. डग्ग्यावर तळहाताच्या मनगटाकडील भागाने दाब देऊन नाद घसरवण्याच्या क्रियेशी या घसरणीचे नाते सहज लक्षात येते. फरक इतकाच की, तेथे हात जे करतो ते येथे एन्व्हेलपचे व्होल्टेज करते. घनवाद्याच्या नादासाठी मात्र परस्परांशी पूर्णांकी नाते नसलेल्या अनेक लहरी किंवा निव्वळ नॉइज वापरावा लागतो. भरतमुनींनी केलेला अवनद्ध आणि घन हा भेद अशा रीतीने मंडलांच्या रचनेतही टिकून राहतो.

३. पूर्वपीठिका : बंदिस्त ताल

या दिशेने पडलेले पहिले महत्त्वाचे पाऊल म्हणजे 'रिदमिकॉन'. अमेरिकन रचनाकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी लेव थेरेमिन यांनी १९३१ साली ते तयार केले. एकाच वेळी अनेक भिन्न लयी वाजवणे, हे मानवी हातांना दुष्कर असलेले काम त्याच्याकडून अपेक्षित होते. म्हणजेच प्रारंभी यंत्राकडून वादकाचे अनुकरण नव्हे, तर वादकाला न साधणारे काहीतरी अपेक्षिले गेले होते.

पुढील तीन दशकांत ही अपेक्षा बदलली. १९५९ साली वुर्लिट्झर कंपनीने 'साइडमन' बाजारात आणले. त्यात एक चकती फिरत असे आणि तिच्यावरील संपर्कबिंदूंमुळे निर्वात नलिकांच्या मंडलांतून ठरावीक ठेके वाजत. घरगुती ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ मिळावी, हा त्याचा हेतू होता व त्याचे नावही 'साथीदार' याच अर्थाचे होते. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांच्या एस टोन कंपनीने १९६७ साली आणलेल्या 'एफआर-१ रिदम एस' या यंत्रात १६ तयार ठेके होते. ठेका निवडावा, लय ठरवावी, एखादे वाद्य हवे तर बंद करावे, एवढेच स्वातंत्र्य वापरणाऱ्याला होते. नाद कसा घडतो, हे पेटीच्या आत बंद होते. आज संगीताच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तबला कार्याच्या दृष्टीने याच वर्गात मोडतो. तो उपयुक्त आहे. पण साथीदार घरी नसताना त्याची जागा भरून काढणे, हेच त्याचे प्रयोजन आहे.

४. मॉड्यूलर सिंथेसायझर : घटकांची मुक्तता

१९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या दोन टोकांना वेगळा विचार आकार घेत होता. न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग यांनी रचनाकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४ साली व्होल्टेजने नियंत्रित होणारी मंडले सिद्ध केली. कॅलिफोर्नियात मॉर्टन सबॉटनिक आणि रॅमन सेंडर यांच्या सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरसाठी डॉन बुक्ला यांनी त्याच सुमारास आपली प्रणाली रचली. दोन्हींत प्रत्येक घटकासाठी स्वतंत्र मॉड्यूल होते आणि ती मॉड्यूले परस्परांना वायरींनी जोडावी लागत. कोणत्याही मॉड्यूलवर 'ढोल' किंवा 'झांज' असे लिहिलेले नव्हते. ढोल ही वस्तू न राहता जोडणी झाली आणि ती जोडणी प्रत्येक वेळी बदलता येऊ लागली.

या संदर्भात बुक्ला यांच्या १९७० च्या २०० मालिकेतील 'लो-पास गेट' या मॉड्यूलचा विशेष उल्लेख करावा लागतो. त्यात 'व्हॅक्ट्रोल' नावाचा घटक असे. एक लहान प्रकाशस्रोत आणि प्रकाशानुसार बदलणारा रोधक एकाच आवरणात बंद केला की व्हॅक्ट्रोल तयार होतो. प्रकाश मावळला तरी रोधक तत्काळ पूर्वस्थितीत येत नाही, त्याला काही क्षण लागतात. या विलंबामुळे नादाची तीव्रता आणि त्यातील तीक्ष्ण अंश एकत्रच मावळतात. निसर्गातील बहुतेक आघातांतही वरचे अंश आधी विरतात. परिणामी साध्या लहरीलाही लाकडावर किंवा बोंगोवर पडलेल्या थापेची कळा येते. एका विद्युत्‌घटकाच्या सुस्तीतून तालनादाची एक नवी जाती निर्माण झाली. ती कोणत्याही ज्ञात वाद्याची नक्कल नव्हती, तरीही कानाला ती आघात म्हणूनच जाणवत होती.

याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे ब्रिटिश अभियंते डेव्ह सिमन्स यांचे १९८१ चे 'एसडीएस-५'. एका चौकटीत बास ड्रम, स्नेअर आणि टॉम यांची स्वतंत्र मॉड्यूले बसवलेली असत व ती षट्कोनी फलकांवर काठीने आघात करून वाजवली जात. प्रत्येक मॉड्यूलवर नॉइज आणि स्वर यांचे प्रमाण, नादाची घसरण व क्षीण होण्याचा काळ यांसाठी वेगवेगळे खटके होते. येथे घटकही मुक्त होते आणि वादकाचा हातही गमावलेला नव्हता.

५. टीआर-८०८ : अपयशाचे फलित

काकेहाशी यांनी १९७२ साली ओसाका येथे स्थापन केलेल्या रोलंड कंपनीने १९८० साली 'टीआर-८०८' हे यंत्र आणले. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांचे 'एलएम-१' आले. लिन यांच्या यंत्रात खऱ्या ड्रमचे अंकीय ध्वनिमुद्रण साठवलेले होते, तर ८०८ मधील सर्व नाद मंडलांतून घडत होते. एलएम-१ ची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती आणि ८०८ ची १,१९५ डॉलर. खरेपणाच्या निकषावर ८०८ चा पाडाव ठरलेलाच होता.

मात्र त्याची अंतर्रचना पाहण्यासारखी आहे. बास ड्रमसाठी 'ब्रिज्ड-टी' प्रकारचे मंडल वापरले होते. त्याला क्षणिक विद्युत्‌स्पंद दिला की ते टोल दिलेल्या घंटेप्रमाणे आपल्या अंगभूत वारंवारतेने, म्हणजे सुमारे ५० हर्ट्झने, निनादत राहते. स्नेअरसाठी अशी दोन मंडले आणि नॉइज यांचा मेळ होता. झांज आणि हाय-हॅट यांसाठी परस्परांशी न जुळणाऱ्या सहा चौरस लहरी एकत्र करून गाळल्या जात. टाळीच्या नादासाठी नॉइजचे लागोपाठ काही तुकडे केले जात, जेणेकरून अनेक हात किंचित मागेपुढे पडल्याचा भास व्हावा. बास ड्रम क्षीण होण्याचा काळ वाढवला की ढोलाचा नाद दीर्घ, खर्जाच्या स्वरासारखा होई. असे काही कोणत्याही चामड्याच्या ढोलाला शक्य नव्हते. एलएम-१ मध्ये नादाची उंची बदलता येत असली तरी नादाचे अंतर्गत घटक सुटे करता येत नसत. हाच या दोन यंत्रांतील निर्णायक फरक होय.

१९८३ साली ८०८ चे उत्पादन थांबले, तोपर्यंत सुमारे १२,००० यंत्रे तयार झाली होती. नंतर ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना महागडी उपकरणे परवडत नव्हती अशा अमेरिकन शहरांतील तरुण संगीतकारांच्या हाती पडली. हिप-हॉप आणि डेट्रॉइटचे टेक्नो यांच्या जडणघडणीत त्याचा मोठा वाटा आहे. या यशाचे श्रेय केवळ तांत्रिक रचनेला देता येणार नाही, त्यामागे किमतीचे साधे अर्थकारणही होते.

६. १९८२ : तीन शहरे

१९८२ हे वर्ष या इतिहासात विशेष अर्थपूर्ण ठरते. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटा यांच्या 'प्लॅनेट रॉक'मधून ८०८ चा नाद सर्वतोमुखी झाला. लंडनमध्ये संगीतकारांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर व ड्रम मशीन यांच्या वापरावर बंदी घालावी, असा ठराव केला. तो संपूर्ण संघटनेचे धोरण बनला नाही; परंतु त्यामागील भीती खरी होती.

त्याच वर्षी मुंबईत चरणजितसिंग या चित्रपटसृष्टीतील वादकाने रोलंडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे जोडून दहा राग ध्वनिमुद्रित केले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका एचएमव्हीने प्रकाशित केली. तोडी, मालकंस यांसारखे राग त्यात आहेत. परंतु साथीला तबल्याचा ठेका नाही. चरणजितसिंग यांनी ८०८ कडून तबल्याची नक्कल करवून घेतली नाही, त्याला त्याच्याच नादात बोलू दिले. ध्वनिमुद्रिका तेव्हा दुर्लक्षित राहिली. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर परदेशी श्रोत्यांना तीत पुढे शिकागोत उदयास आलेल्या 'अ‍ॅसिड हाउस' संगीताची चाहूल जाणवली. २०१५ साली चरणजितसिंग यांचे मुंबईत निधन झाले.

या घटनेला दुसरी बाजूही आहे. चरणजितसिंग हे ज्या वादकवर्गातून आले होते, त्याच वर्गावर पुढील दोन दशकांत संकट आले. सिंथेसायझर व संगणकीय ध्वनिमुद्रण यांमुळे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील मोठ्या वाद्यवृंदांची गरज घटत गेली. लंडनच्या ठरावातील भीती मुंबईत बऱ्याच अंशी खरी ठरली. नवे वाद्य कितीही स्वायत्त असले तरी जुन्या वादकाच्या रोजगाराला त्यातून संरक्षण मिळत नाही, हे येथे स्पष्ट होते.

७. युरोरॅक : पुनर्मुक्तता

१९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील डीटर डोएपफर यांनी 'ए-१००' ही लहान आकाराची मॉड्यूलर प्रणाली आणली. तिचे माप, विद्युत्‌पुरवठा व जोडण्या इतर निर्मात्यांनीही स्वीकारल्या आणि 'युरोरॅक' हे सर्वमान्य मानक झाले. ज्या गोष्टी ८०८ च्या पेटीत एकत्र होत्या, त्या येथे पुन्हा सुट्या झाल्या. डोएपफर यांच्याच 'ए-११७' या मॉड्यूलमध्ये ८०८ च्या झांजेमागील सहा चौरस लहरींचा स्रोत स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. टिपटॉप ऑडिओने ८०८ च्या बास ड्रमचे एकच मंडल मॉड्यूल म्हणून दिले. एमिली जिले यांच्या म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या संस्थेने २०१८ साली काढलेल्या 'प्लेट्स' या अंकीय मॉड्यूलमध्ये मुळात १६ नादप्रतिमाने होती व त्यांतील शेवटची तीन बास ड्रम, स्नेअर व हाय-हॅट यांची होती. त्याची आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली होती. त्यामुळे २०२२ साली संस्थेचे काम थांबल्यानंतरही हे ज्ञान अभ्यासकांच्या आणि निर्मात्यांच्या उपयोगी पडत राहिले.

लक्षणीय बाब अशी की, या मॉड्यूलांतील अनुकरणाचे लक्ष्य आता चामड्याचा ढोल नसून ८०८ हेच यंत्र आहे. जे यंत्र नक्कल म्हणून नाकारले गेले होते, तेच चार दशकांत मूळ आदर्श ठरले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, विद्युत्‌निर्मित तालनादाचे मूल्यमापन खऱ्या वाद्याशी असलेल्या साम्यावरून करणे इतिहासाला धरून नाही. दुसरा, यंत्राचे वाद्यपण नादाचे घटक वादकाच्या ताब्यात किती आहेत, यावर अवलंबून असते. मॉड्यूलर प्रणालीचा खरा वारसा हाच आहे. तिसरा, कलात्मक स्वायत्ततेचा प्रश्न सुटला म्हणजे उपजीविकेचा प्रश्न सुटत नाही. यंत्राला वाद्याचा दर्जा देताना ज्यांची जागा त्या यंत्राने घेतली त्या वादकांचाही इतिहास नोंदवला जाणे आवश्यक आहे. तबल्याच्या शाईमागचे विज्ञान ज्या आस्थेने अभ्यासले गेले, त्याच आस्थेने मुंबईच्या ध्वनिमुद्रणकक्षांतील वादकांच्या आठवणींचे संकलन महाविद्यालयीन स्तरावरील इतिहास आणि संगीत या विभागांनी संयुक्तपणे हाती घ्यावे. त्या पिढीतील वादक वृद्ध होत असल्याने या कार्यात विलंब होणे इष्ट नाही.