पोटखराब्यातील वैभव

महसुली दप्तरात ज्या भूमीपुढे ‘पोटखराबा’ असा शेरा पडतो, तिच्याकडे पुन्हा वळून पाहण्याची चाल आपल्या समाजात फारशी नाही. जेथे जोंधळा पिकत नाही, कापूस बोंड धरत नाही, ती भूमी निरुपयोगी, असा आपला सरळ हिशेब. तथापि निसर्गाचे जमाखर्च वेगळ्या वहीत मांडलेले असतात. ती वही उघडून दाखवावी, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

प्रारंभ आमच्या बुलढाणे जिल्ह्यापासूनच करू. लोणारचे सरोवर आकाशातून कोसळलेल्या अशनीने खोदले. त्याचे विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद असून, त्यातील पाणी इतके खारट व क्षारयुक्त आहे की, ते ना पिण्याच्या कामाचे, ना शेतीच्या. पुराणांनी तेथे लवणासुराचा वध योजिला. ऐन-ए-अकबरीने, काच व साबण यांस लागणारे द्रव्य देणारे स्थळ म्हणून त्या प्रदेशाची नोंद केली. १८२३ साली अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्याने तिकडे युरोपीय विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे त्यास राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा मान मिळाला, २००० साली सभोवतालचा प्रदेश अभयारण्य ठरला आणि २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत सरोवराची गणना झाली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात पाणी गुलाबी झालेले पाहून सारा देश चकित झाला. खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करणी होती. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, या सरोवराचे सारे वैशिष्ट्य त्याच्या खारेपणात आहे. गावचे सांडपाणी आणि शेतातील खतांचा निचरा त्यात मिसळणे, म्हणजे ते ‘सुधारणे’ नव्हे, तर त्याचा जीवच घेणे होय.

हाच न्याय दुसऱ्या टोकास, सह्याद्रीच्या माथ्यावर, अधिक सूक्ष्म रीतीने लागू पडतो. सातारच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, पावसाळ्यात सर्वत्र पाझर व डबकी, आणि उन्हाळ्यात तापलेला उघडा कातळ, असे त्याचे स्वरूप. पावसाच्या माऱ्याने मातीतील नत्र वाहून जाते. अशा कंगाल भूमीत जगावे कसे, या प्रश्नाचे जे विलक्षण उत्तर काही वनस्पतींनी शोधून काढले, तेच कीटकभक्षण.

‘दवबिंदू’ या इवल्याशा रोपाच्या पानांवर तांबूस केस असून, प्रत्येकाच्या टोकास चिकट थेंब चमकतो. मधाच्या आशेने आलेला किडा त्यास चिकटतो. मग केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पाचक रस पाझरून त्याच्या देहातील नत्र पानात शोषले जाते. ‘सीतेची आसवे’ हे करुण नाव मिरविणाऱ्या निळ्याजांभळ्या फुलांची रीत याहून गूढ आहे. फूल वर वाऱ्यावर डोलत असते, आणि खाली ओल्या मातीत त्या रोपाच्या नाजूक पिशव्या दबा धरून असतात. सूक्ष्म जीवाचा स्पर्श होताच पिशवीचे दार उघडते, आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी जीव पाण्यासह आत ओढला जातो. वनस्पती प्राण्यांस भक्षितात, ही गोष्ट चार्ल्स डार्विनने आपल्या १८७५ च्या ग्रंथात प्रयोगांनिशी सिद्ध केली.

आपल्याकडील या रोपांची नोंद त्याही पूर्वीची आहे. मुंबईस टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई व परिसरातील वनस्पतींची यादी केली. ती पुरी होण्यापूर्वीच १८३९ साली ते निवर्तले आणि उरलेले काम निम्मो यांनी तडीस नेले. ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जातीस आजही ग्रॅहॅम यांनी दिलेलेच शास्त्रीय नाव आहे. १८६१ साली डॅल्झेल व गिब्सन यांचा आणि १९०१ पासून पुढील काही वर्षांत डॉ. थिओडोर कुक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गिब्सन हे दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख, तर कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. ही परंपरा येथेच खुंटली नाही. २००० साली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. श्रीरंग यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातील नवी जात जगापुढे आणली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे ज्ञानी लोक या ‘ओसाड’ सड्यांवर गुडघे टेकून बसत आले, आणि तरीही तेथील भांडार सरले नाही!

असे असता धोका कोणाकडून? बॉक्साइटसाठी कोल्हापूरकडील कित्येक सडे खणले गेले, हा उघड शत्रू. परंतु आमच्या मते त्याहून कठीण प्रकार मित्रांचा आहे. उघडे पठार पाहून कोणा परोपकारी मंडळीस तेथे झाडे लावण्याची बुद्धी होते. झाड वाढले की सावली पडते, पालापाचोळ्याने माती सुपीक होते, गवत माजते, आणि ज्यांनी दारिद्र्यात संसार थाटला होता, ती रोपे या समृद्धीत गुदमरून मरतात.

कासचाच दाखला घ्या. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कास होते. लगोलग प्रेक्षकांची झुंबड उडाली. पायदळी तुडविली जाणारी फुले वाचविण्यासाठी प्रवेशास मर्यादा घालण्यात आली, हे योग्यच झाले. परंतु तारेच्या जाळीने माणसांबरोबर गुरेही अडविली. चराई थांबल्याने गवत वाढून फुले घटली, अशी तक्रार उठली, आणि ते कुंपण हटविण्याचा निर्णय पुढे घ्यावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे चारणारा गवळी त्या फुलबागेचा अजाण माळीच होता, हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते!

परदेशांतील अनुभव याहून भिन्न नाही. अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना या दोनच संस्थानांत मूळचे आढळणारे ‘व्हीनस फ्लायट्रॅप’ हे रोप चोरणे उत्तर कॅरोलिनातील काही परगण्यांत २०१४ पासून गंभीर गुन्हा ठरले आहे. परंतु नुसत्या कायद्याने ते जगत नाही. अधूनमधून वणव्याने झुडपे जाळून उजेड मोकळा केला, तरच ते टिकते. म्हणून तेथील जाणते लोक नियमाने व सावधपणे आग लावितात. युरोपातील दलदली पीट काढण्यासाठी चर खणून सुकविण्यात आल्या होत्या. आता तेच चर बुजवून पाणी पूर्वीच्या पातळीस आणिले जात आहे. रोप कुंडीत लावून जतन होत नाही. पाणी, उजेड आणि मातीचे कंगालपण ही तिन्ही परत द्यावी लागतात.

पोटखराब्याचे हे वैभव जपणे सुशिक्षित कुटुंबांस कठीण नाही. सहलीस गेल्यास वाटेवरूनच चालावे, रोप उपटून घरी आणू नये. आणि वृक्षारोपणाची वर्गणी मागणारे दारी आल्यास, झाडे कोठे लावणार, एवढे अवश्य विचारावे. सड्यावर लावणार असतील, तर वर्गणी नाकारावी. खारे पाणी खारेच राहू द्यावे, उघडा कातळ उघडाच राहू द्यावा, हेही लोकसेवेचेच काम आहे, आणि त्यास पैका लागत नाही.